वेगवान रोजच्या प्रवासासाठी बाराही महिने चालतील असे टायर सुचवा

रस्ताभर (धागाकर्ता):
मंडळी, बाइकचा मागचा टायर संपला. मधोमध इतका चपटा झालाय की वळण घेताना गाडी आधी अडून बसते आणि मग एकदम कोसळल्यासारखी झुकते. रबर टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे टायर बदलायची वेळ दाखवणाऱ्या, खुणेला टेकलंय. पुढच्यात अजून निम्मा जीव आहे.

गाडी ६५० सीसी, दोन सिलिंडर. पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १६०/६० झेडआर १७. रोज जाऊन-येऊन साधारण ८० किमी, त्यातला बहुतेक हायवे, वेग १०० ते ११०. ऊन, पाऊस, थंडी, पहाटेचा अंधार, कशालाच सुट्टी नाही. ट्रॅकवर मी जाणार नाही, वळणावर गुडघाही टेकवणार नाही.

ओल्या रस्त्यावर नीट ब्रेक लागावा ही पहिली अपेक्षा, टिकाऊपणा दुसरी. बजेट मधलं आहे. बाजारातली सर्वात महाग जोडी नको, हे आत्ताच सांगून ठेवतो.

चौथा_गिअर:
मिशलिन रोड ६. विषय संपला. माझ्या गाडीला तेच आहेत, पावसात कोरड्यासारखा चालवतो.

रस्ताभर:
मी बघितलेल्यांत सर्वात महाग तेच आहेत हो.

चौथा_गिअर:
टायर महाग की हाडं महाग? बघा बुवा.

लीनअँगल:
रोड ६ सारखे स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या वेगवान प्रवासाचे टायर, ना धड इकडचे ना तिकडचे. चांगले मऊ, ट्रॅकच्या धाटणीचे हायपरस्पोर्ट टायर घाला. मी ते घातल्यापासून घाटात कडेपर्यंत रबर वापरतो, एक रेघ शिल्लक नाही. फोटो टाकू का?

निवांत_स्वार:
फोटो नको. मागच्या तीन धाग्यांवर पाहिलाय.

जुना_खिळा:
टायर कुठलाही घ्या, पण ट्यूबलेसच घ्या. आणि पंक्चर झालं तर रस्त्यावर बाहेरून दोरी खुपसून घेता ना, ती घरापर्यंत पोचण्यापुरती. मग टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात देठ बसणारं छत्रीसारखं ठिगळ) मारून घ्यायचा. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, भोक पडलं तर दुरुस्ती नाहीच, टायर फेकायचा. लोक त्याच दोरीवर शंभरच्या वेगाने महिनोन्महिने फिरतात आणि वर मला सांगतात, काका काही होत नाही.

निवांत_स्वार:
काका, काही होत नाही. गंमत केली, हलकेच घ्या.

स्कूटरवाली:
मी तर म्हणते ब्रँडच्या मागे लागू नका. माझ्या स्कूटरला कंपनीतून आलेलेच टायर आहेत, दहा वर्षं झाली, नक्षी अजून नव्यासारखी. कमी चालवली की टायर टिकतात.

जुना_खिळा:
ताई, नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर शिल्लक आहे असं नसतं. रबर वयाने कडक होतं, बारीक भेगा पडतात. बहुतेक उत्पादकच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी कितीही चांगला दिसला तरी काढा. आज काढा. पावसाच्या आधी काढा.

स्कूटरवाली:
तुमचं टायरचं दुकान आहे का?

जुना_खिळा:
नाही.

घनमूळ:
पाण्यावर तरंगण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला रस्ता सोडतो याचं नासाचं एक जुनं सूत्र आहे, विमानाच्या चाकांवरच्या प्रयोगांतून काढलेलं: हवेच्या दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३६ पीएसआयला ते ताशी १०० किमीच्या आसपास येतं. हवा २५ वर उतरली तर ८३. म्हणजे धागाकर्ता ज्या वेगाने जातो त्याच्या बरंच खाली. टायरच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी हवा मोजा.

लीनअँगल:
ते विमानाच्या चपट्या चाकाचं झालं. बाइकचा टायर गोल असतो, रस्त्याला टेकतो तो भाग अरुंद, तो पाणी कापत जातो. हे सूत्र बाइकला जसंच्या तसं लावायचं नसतं.

घनमूळ:
मान्य. आकडा सरकेल, दिशा बदलणार नाही. दाब कमी की तरंगणं लवकर. आणि धागाकर्त्याचा मागचा टायर आता गोल राहिलाय कुठे? मधोमध चपटा झालाय, वर पाणी वाहून नेणारी नक्षीही गेलेली. तरंगायला याहून सोयीचं काय हवं?

चौथा_गिअर:
म्हणूनच म्हणतो, रोड ६.

सावली:
प्रश्न हायवेचा आणि उत्तरं घाटाची, असं काय चाललंय?

सरळ रस्त्यावर मधला पट्टाच घासतो. म्हणून बहुतेक स्पोर्ट टूरिंग टायरांना, निदान मागच्याला, मधोमध कडक रबर आणि कडांना मऊ रबर असतं. हायपरस्पोर्ट टायर नीट गरम झाल्याशिवाय पकडत नाही, आणि थंडीच्या पहाटे सरळ हायवेवर तो तेवढा गरम होतच नाही. वर त्याचं मऊ रबर मधोमध भराभर उडतं. तेव्हा लीनअँगल यांचा सल्ला त्यांच्या घाटातच राहू दे.

ओल्यात आणि गारठ्यात कामाला येतं ते सिलिका जास्त असलेलं रबर, कारण ते थंड असतानाही लवचीक राहतं. सध्याच्या सगळ्या चांगल्या स्पोर्ट टूरिंग टायरांत ते आहे: मिशलिन रोड ५ आणि ६, पिरेली एंजल जीटी २, ब्रिजस्टोन टी३२, डनलॉप रोडस्मार्ट ४, काँटिनेंटल रोडअटॅक ४, मेट्झेलर रोडटेक ०१. तुमच्या वापराला यातला कुठलाही चालेल. यांच्यातला फरक मासिकांच्या चाचण्यांत दिसतो, तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर फारसा दिसणार नाही.

मग निवडायचं कशावर? टायर किती ताजा आहे यावर. साइडवॉलवर डॉटच्या पुढे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २२२३ म्हणजे २०२३ सालचा २२वा आठवडा. पिढी एक मागची असली तरी हरकत नाही, उलट स्वस्त पडते. फक्त माल वर्षानुवर्षं पडून असलेला नको. शिवाय मागच्या टायरवर ६९ हा भारांक आहे ना ते बघा, म्हणजे ३२५ किलो. त्यापुढचं डब्ल्यू म्हणजे कमाल वेग ताशी २७० किमी, तेवढं तुम्हाला लागणार नाही, पण गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या खाली जाऊ नका.

निवांत_स्वार:
सावलीताईंना +१. वाचनखूण साठवली आहे.

चौथा_गिअर:
सावलीताईंना +१. आणि त्यांच्या यादीत रोड ६ आहे, याची नोंद घ्यावी.

रुंदभाऊ:
१६०च्या जागी १८० घाला. मागून गाडी कसली भारी दिसते! माझ्याकडे बघून सिग्नलला लोक विचारतात.

घनमूळ:
रिम १६०च्या रुंदीचं असेल तर १८०चा टायर त्यात चिमटला जातो. कडा आत ओढल्या जातात, घेर उंच टोकदार होतो, रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बिघडतो. गाडी झुकायला जड होते ती वेगळीच. सिग्नलला उभं राहण्यासाठी उत्तम.

रुंदभाऊ:
मला कधी जड वाटली नाही.

मालवाहू:
मी तर मागे कारचाच टायर घातलाय. तीन बाइक टायर झिजतील तेवढा एकटा चालतो. बजेट बजेट म्हणता ना?

सावली:
कारचा टायर सपाट असतो, झुकल्यावर तो कडेवर उभा राहतो. बाइकच्या रिमवर त्याची कड बसते तीही त्या रिमसाठी बनवलेली नसते. कृपया हा सल्ला नव्या मुलांना देऊ नका.

मालवाहू:
मी सल्ला देत नाहीये, मी सांगतोय.

(पुढचे काही प्रतिसाद कारच्या टायरवर वेगळा धागा काढून तिकडे हलवले आहेत. – संपादक)

धुकंधुकं:
मी एका नामांकित कंपनीचे टायर घेतले होते, नाव लिहीत नाही. पहिल्याच आठवड्यात पावसात रंगाच्या पट्ट्यावर घसरलो. तेव्हापासून त्या कंपनीचं नाव काढत नाही.

जुना_खिळा:
पहिल्या आठवड्यात म्हणजे टायर कोरा होता. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा आणि चकचकीत वरच्या थराचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो. पहिले शंभर-दीडशे किमी सांभाळून, झुकणं हळूहळू वाढवत, जोरात ब्रेक न मारता चालवायचं. आणि ओला रंग किंवा लोखंडी झाकण असेल तिथे जगातला कुठलाच टायर पकडत नाही, गाडी सरळ ठेवून जायचं.

धुकंधुकं:
दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं.

हलकाफुलका:
नायट्रोजन भरा. हवा कमी होत नाही, टायर गार राहतो.

घनमूळ:
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या बावीससाठी रांगेत उभं राहायचं असेल तर राहा. त्यापेक्षा स्वतःचा गेज घ्या, सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढं भरा. तापल्यावर दाब वाढतो, तो वाढलेला बघून हवा काढणारे महाभाग मी पाहिलेत.

हलकाफुलका:
माझ्या मित्राने नायट्रोजन भरल्यापासून अॅव्हरेज वाढलं.

लीनअँगल:
एक गोष्ट मात्र खरी सांगतो. काय घ्याल ते जोडीने घ्या. पुढचा एक आणि मागचा दुसरा असं करू नका. दोन्ही टायरांचा घेर, त्यांचा कडकपणा एकमेकांना धरून बनवलेला असतो.

सावली:
यावर चक्क सहमत. उत्पादकही जोडीच सुचवतात. निदान रेडियलसोबत बायस प्लाय (आतल्या धाग्यांचे थर तिरपे असलेला वेगळ्या बांधणीचा टायर) तरी मिसळू नका.

निवांत_स्वार:
लीनअँगल आणि सावलीताई सहमत! संपादकांनी हा धागा जपून ठेवावा.

चौथा_गिअर:
म्हणजे रोड ६ ची जोडी. सगळ्यांचं एकमत झालं.

रस्ताभर:
सर्वांचे आभार. काल काम उरकून घेतलं.

मागे मेट्झेलर रोडटेक ०१ लावला. पुढचा तसाच ठेवलाय. जोडी घ्या असं सगळे म्हणालात ते वाचलं, पण पुढच्यात निम्मी नक्षी शिल्लक आहे, डॉट दोन वर्षांपूर्वीचा आहे, तडा नाही, तो नुसता फेकायला जिवावर येतं. दोन्ही रेडियल आहेत, पुस्तिकेत दिलेलं माप आणि भारांक जुळतो. मागचा टायर माझ्याकडे दुप्पट वेगाने संपतो, त्यामुळे आज जोडी घेतली तरी पुढच्या वेळी पुन्हा हाच प्रश्न येणार. रोडटेकच का, तर दुकानात माझ्या मापात सगळ्यात ताजा तोच होता, चार महिन्यांपूर्वीचा. वाचलेल्या पैशांत गेज घेतला. आज सकाळी मोजलं तर पुढे ३३ हवे तिथे २७ निघाले. किती दिवस असाच फिरत होतो देव जाणे.

चौथा_गिअर:
मग आम्हाला विचारलंत कशाला?

घनमूळ:
गेजसाठी.

सावली:
चालेल. पण पुढचा लवकर संपवू नका म्हणजे झालं. ओल्यात पहिले काही दिवस जपून, गाडी पुढे-मागे वेगळी वागते का ते बघत राहा. हँडल थरथरलं किंवा लांब वळणात गाडी डुलली तर तेव्हा जोडीचा विचार करा.

लीनअँगल:
डुलेल. लिहून ठेवा.

जुना_खिळा:
टायर बदलताना व्हॉल्व्ह नवा घातला का?

रस्ताभर:
मागचा घातला काका. पुढचं चाक उघडलंच नाही.

जुना_खिळा:
मग २७ कशाने झाले ते आधी शोधा. पुढच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा, बोटाने थोडा वाकवून बघा, फुगा आला तर तिथूनच जातेय. रबर तडकलेला व्हॉल्व्ह वेगात चाक फिरताना बाहेर ओढला जातो आणि हवा सोडतो.

रस्ताभर:
संध्याकाळी बघतो.

हलकाफुलका:
नायट्रोजन असता तर गेला नसता.