बालवाडीच्या ताईंसाठी सामायिक शीट: काम हलकं होतं की दुप्पट?

कवडसा
वस्त्यांमध्ये विखुरलेल्या सहा-सात बालवाड्या एक संस्था चालवते, तेव्हा आठवड्याचं नियोजन, साहित्याची मागणी, रजा, बदली ताई, सगळं व्हॉट्सॲपच्या एकाच गटात कोंबलेलं असतं. सोमवारचं नियोजन बुधवारपर्यंत शुभेच्छांखाली गाडलं जातं आणि "परत टाका ना" सुरू होतं. माझं ठाम मत आहे की यासाठी गुगल शीटवर, म्हणजे सगळ्यांना आपापल्या फोनवरून भरता येणाऱ्या तक्त्यात, एक सामायिक वही हवीच. तीन पानं पुरतात. साहित्याचं: काय आहे, किती, आत्ता कुठल्या वर्गात. नियोजनाचं: वार, छोटा गट, मोठा गट, गोष्ट, गाणं, हस्तकाम. तिसरं रजेचं. सुरुवात फक्त साहित्याच्या पानाने करावी. लाकडी ठोकळ्यांचा एकच संच चार वर्गांत फिरत असेल तर तो कुठे आहे हे फोन न करता कळतं, फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो. दोन आठवड्यांनी नियोजन घ्यावं. रजेचं पान सगळ्यात शेवटी.

सांजवात
अंगणवाड्यांत काय झालं ते आधी बघा. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. २ जीबी रॅमचे फोन तापायचे, अडकायचे, वर ॲप इंग्रजीत. सेविकांना शिकायचं नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्याच बाया रजिस्टरं चोख ठेवत होत्या. पुढे १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. नेटवर्क गेलं की मूल कडेवर घेतलेली आई दारात ताटकळते आणि बोलणी सेविका खाते. प्रत्येक वेळी "काम सोपं होईल" असंच सांगितलं गेलं. तेव्हा माझा एकच प्रश्न: शीट आली की कोणती वही बंद होणार? तिचं नाव सांगा.

बोरूबहाद्दर
वही बंद होणार नसेल तर शीट आणूच नये, इथवर सांजवात यांच्याशी सहमत. पण "ताईंना जमत नाही" असं जे चित्र दिसतं त्याची कारणं बहुतेक वेळा मांडणीत असतात, आणि ती टाळता येतात.

पहिली अडचण खात्याची. फोनमधलं गुगल खातं मुलाने काढून दिलेलं असतं, म्हणून बदल कोणी केला तिथे मुलाचं नाव उमटतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. शिकवणीचा पहिला तास फक्त स्वतःचं खातं, स्वतःच्या नंबरवर, एवढ्यालाच द्यावा. दुसरी अडचण लिंकची. "लिंक असलेला कोणीही" संपादन करू शकेल असं ठेवलं की ती लिंक फिरत फिरत पालकांच्या गटात पोचते. प्रवेश मर्यादित ठेवा, एकेकीचा ईमेल घाला.

सगळ्यात जास्त घोळ फिल्टरने होतो. एकीने फिल्टर (हव्या तेवढ्याच ओळी दाखवायची सोय) लावला की बाकीच्या ओळी सगळ्यांनाच दिसेनाशा होतात. दुसरीला वाटतं आपलं काम पुसलं गेलं, ती पुन्हा लिहायला बसते, आणि नोंद दोनदा होते. फिल्टर वापरायचाच नाही, दर आठवड्याला नवं पान काढायचं. नेटवर्क नसलेल्या वस्तीत फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावी लागते, आणि दोघींनी ऑफलाइन असताना एकच चौकट भरली तर एकीचं लिहिलेलं जातं. म्हणून प्रत्येक वर्गाच्या ओळी वेगळ्या, आणि दुसरीला त्या बदलता येऊ नयेत म्हणून त्यांना संगणकावरून संरक्षण. टंकलेखन कमीत कमी: साहित्याची नावं यादीतून निवडायची, बाकी बोलून टाइप करायचं. मराठीत ते चांगलं चालतं.

ओसरी
तुम्ही सगळे शीटबद्दल बोलताय, मुलांबद्दल कोणी बोलत नाही. आज साहित्य, उद्या त्याच शीटमध्ये "अमुक अजून बोलत नाही, तमुक चावतो" अशा नोंदी आणि फोटो येणार. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. शिवाय तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांसमोर ताईंची नजर फोनमध्ये गेली तर त्या दोन मिनिटांत मणी नाकात जातो. वर्गात फोन नको, मग भरायचं कधी? घरी, रात्री, बिनपगारी?

कवडसा
मुलांची नावं, वजनं, फोटो शीटमध्ये येणार नाहीत, हे मान्य आणि पहिल्याच ओळीत लिहून ठेवावं. वेळ: शनिवारी मुलं गेल्यावर ४५ मिनिटं, कामाच्या तासांत धरलेली. बंद होणारी वही: नियोजन वही आणि साहित्य रजिस्टर, दोन्ही. पण म्हणून व्हॉट्सॲपवरच राहावं, हे मला पटत नाही. मुलांचे फोटो आज तिथेच सर्वात बेफिकिरीने फिरताहेत, ओसरी.

सांजवात
एकाच इमारतीतले वर्ग असतील तर भिंतीवरचा फळा शीटपेक्षा बरा, हे तरी मान्य करा. विखुरलेल्या वर्गांना शीट चालेल. पण आवृत्ती इतिहासात कोणी किती वाजता भरलं ते दिसतं. महिन्याभरात पर्यवेक्षिका त्यावरून हजेरी काढायला लागतील.

बोरूबहाद्दर
त्यावर उपाय आहे. पर्यवेक्षिकांना फक्त बघण्याचा अधिकार द्या. आवृत्ती इतिहास उघडायला संपादनाचा अधिकार लागतो. शीटची मालकी ताईंपैकी एकीच्या खात्यावर ठेवा.

सांजवात
आणि तिने नोकरी सोडून खातं बंद केलं की शीटही जाते. म्हणून कार्यालय मालकी स्वतःकडेच मागणार. ती मागणी आली तर काय करायचं, हे पहिली ओळ भरण्याआधी ठरवा.