शेतकरी पूर्वजांचा माग : तुमचे अनुभव सांगा

माझ्या पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं : 'ते मानमोडीत गेले', म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. फोटो नाही, पत्र नाही. नाव माहीत होतं, ते आजोबांच्या नावापुढे लागायचं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या माघारी वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले. 1919 चा एक फेरफार हाती आला. 'खातेदार मयत. वारस मुलगा, वय 4, अ.पा.क. आई', आणि पुढे पणजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. हे तीन अक्षरांचं नातं लिहावं लागलं म्हणून ती कागदावर आली, नाहीतर आलीच नसती.

मग गाव नमुना 14 मागितला, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. आमच्या गावाला एरवी एक पान तीन-चार महिने पुरतं. ऑक्टोबर 1918 ला दोन पानं भरली आहेत. कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत 'ताप'. पणजोबांच्या वरच्याच ओळीत त्यांची मुलगी, वय दीड वर्ष. अशी एक मुलगी होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बराच वेळ त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसले होते. तिथल्या कर्मचारी ताईंनी काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

नव्यानं शोधणाऱ्यांना एक सांगते. आजचा गट नंबर जुन्या कागदात मिळत नाही. गट पडले ते 1947 च्या कायद्यानंतर झालेल्या एकत्रीकरणात. आधी एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुना सर्व्हे नंबर काढा, मगच मागे जा. माझे चार हेलपाटे यातच गेले.

तुमच्याकडे कुणी असा शोध घेतला असेल तर लिहा. कागदातून असो, माणसांच्या तोंडून असो.

कागलहून

आमच्या भागात सुगी झाली की हेळवी येतात. आजोबांच्या लहानपणी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. सोप्यात बसून वही उघडतात आणि मूळपुरुषापासून एकेक नाव म्हणत खाली येतात. शेवटी घरात नवं बाळ आलं असेल तर त्याचं नाव लिहून घेतात. आपण धान्य द्यायचं, पैसे द्यायचे.

आमचे हेळवी सांगतात की तुम्ही मूळचे चिकोडीकडचे, दुष्काळात इकडं सरकलात. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पण वडील दरवर्षी तिकडच्या एका देवळात नारळ फोडायला जायचे. का, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनाही त्यांच्या वडिलांनी 'जायचं असतं' एवढंच सांगितलं होतं.

परभणीहून

आमच्याकडचे जुने कागद उर्दूत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा दप्तरं बाहेर निघाली, त्यात आमच्या गावचं पाहणी पत्रक दिसलं. साल होतं 1340. आम्ही बुचकळ्यात. मग कळलं, हे फसली, म्हणजे निजामाच्या काळचं महसुली साल, त्यात 590 मिळवायचे. म्हणजे 1930-31.

गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी कागद वाचून दिला. डोळ्याला भिंग लावून एकेक शब्द : आजोबांचं नाव, मग जवार, तूर, कापूस, मग विहीर. आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, आपल्या विहिरीवर दोन मोटा चालायच्या. आम्ही लहानपणी हसायचो, कारण त्या जागी आता नुसता बाभळीचा खड्डा आहे. शिक्षकांनी 'बावडी' हा शब्द वाचला तेव्हा माझ्या वडिलांनी रुमाल काढला. वाचण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ज्यांना इतक्या मागचं मिळत नाही त्यांनी 1954-55 च्या खासरा पत्रकापासून सुरुवात करावी.

राजापूरहून

आमचे पणजोबा मालक म्हणून कुठेच नाहीत. वर खोतांचं नाव, आणि इतर हक्कात आमचं, कूळ म्हणून. 1 एप्रिल 1957 ला कसेल तो मालक झाला, पण ते कागदावर यायला कूळ कायद्याच्या कलम 32 ग ची सुनावणी, मग जमिनीची किंमत हप्त्यांनी, आणि सगळं फिटल्यावर 32 म चा दाखला. आजीनं प्रत्येक हप्त्याची पावती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. तिला अक्षर ओळख नव्हती. कुठली पावती कुठल्या वर्षाची, ते ती कागदाच्या घडीवरून सांगायची, आणि बरोबर सांगायची.

मॉरिशसहून

नमस्कार. आमचे मूळपुरुष रत्नागिरी जिल्ह्यातून इथे उसाच्या शेतावर मजूर म्हणून आले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळची दप्तरं जपली आहेत. आमच्या माणसाची नोंद मिळाली : नंबर, बापाचं नाव, वय, उंची, आणि अंगावरची खूण, 'डाव्या नडगीवर वण'. कोकणातल्या एका शेतकरी मित्राला विचारलं तर तो म्हणाला, भात कापताना विळा तिथेच लागतो.

गावाचं नाव कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलंय. त्या नावाशी जुळणारी तीन गावं सापडली. तिन्ही गावांत जाऊन येणार आहे.

नाशिकहून

माझा शोध आईच्या आईचा. सातबाऱ्यावर ती नाही, शाळेत गेलीच नाही. अखेर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडली. आडनाव आणि गाव सांगितलं, त्यांनी बाड काढलं. माझे आजोबा सपत्नीक आले होते त्या दिवसाची नोंद, आजोबांची सही, आणि शेजारी तिचं नाव, माहेरच्या गावासकट. इतर भगिनींनो, तिथे नक्की विचारा.

पारनेरहून

आमच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. इनामाची सनद म्हणून चुलते दर दसऱ्याला त्याची पूजा करायचे. मागच्या वर्षी मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडे नेला. निघालं कर्जाचं खत. शके 1794, म्हणजे 1872. बैलासाठी काढलेले रुपये, व्याज, जामीन म्हणून सख्ख्या भावाचं नाव. सहीच्या जागी बोटाच्या पेराएवढा नांगर काढलेला, आणि शेजारी 'निशाणी नांगर'. गुरुजी म्हणाले, पुष्कळदा नांगरही लिहिणाराच काढायचा. पण या नांगराची रेघ थरथरलेली आहे. मी तरी तो आमच्या माणसाच्याच हातचा मानतो.

तो काळ कुणब्यांना फार वाईट होता. तीनच वर्षांनी, मे 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यात भीमथडीतल्या सुप्याला लोकांनी सावकारांची खतं हिसकून जाळली आणि ते लोण आमच्या तालुक्यापर्यंत आलं. मला वाटलं, आमचं खत त्या दंग्यातून हाती लागलं असेल.

गुरुजींनी कागद उजेडाकडे धरला. तो मधोमध अर्धा फाटलेला होता. आम्ही समजत होतो, जुना झाला म्हणून विरला. ते म्हणाले, 'कर्ज फिटलं की खत फाडून परत देत. हे फेडलंय तुमच्या माणसानं.'

यंदाच्या दसऱ्यालाही चुलत्यांनी तो कागद पूजेला मांडला. फाटलेली बाजू वर करून.