आधी गाण्यांची नावे तपासा
आयपॉड क्लासिक या ॲपलच्या गाणी ऐकण्याच्या यंत्रावरील आयक्विझ या प्रश्नमंजुषेच्या खेळाच्या संगीतफेरीत उत्तरांच्या जागी नुसते ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ असे पर्याय येतात, या आपल्या तक्रारीवर इथे सुचवला गेलेला, यंत्रातील सगळे पुसून नव्याने भरण्याचा उपाय मला पटत नाही. २००७ साली आलेल्या या यंत्रात हा खेळ मुळातच असतो आणि ही फेरी आपल्याच संग्रहातील गाण्यांवर चालते. त्यामुळे सीडीवरून उतरवताना ज्यांना नावे मिळाली नाहीत, ती गाणी तिथेही निनावीच राहतात, आणि जुन्या भावगीतांच्या सीडींबाबत हे बरेचदा घडते. संगणकावर गाणी सांभाळणाऱ्या आयट्यून्स या ॲपलच्या प्रणालीमध्ये गाणे निवडून ‘गेट इन्फो’मध्ये शीर्षक व गायकाचे नाव भरावे आणि यंत्र पुन्हा सिंक करावे, म्हणजे संगणकावरचे बदल त्यात उतरवावे. खेळ मध्येच अडकलाच, तर बटणे बंद ठेवणारी होल्डची कळ एकदा सरकवून मागे आणावी व मेनू आणि मधले बटण ॲपलचे चिन्ह उमटेपर्यंत एकत्र दाबून धरावे. त्याने गाणी पुसली जात नाहीत.