बाइंड केलेल्या प्रॉपर्टीची तपासणी: मूल्य नाही की अजून आलेले नाही?

विंडोज वर्कफ्लो फाउंडेशन या कामाचे टप्पे जोडून प्रोग्राम बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीत कस्टम अ‍ॅक्टिव्हिटीची (स्वतः लिहिलेल्या टप्प्याची) प्रॉपर्टी डिझायनरमध्ये रीतसर बाइंड केलेली (मूल्य दुसरीकडून यावे म्हणून जोडलेली) असूनही व्हॅलिडेटर (चुका तपासणारा कोड) ती रिकामी असल्याची चूक दाखवतो, असा मूळ प्रश्न आहे. माझ्या मते दोष बाइंडिंगमध्ये नसून तपासणी कोणत्या वेळी होते यात आहे. या चौकटीच्या 3.0 व 3.5 या आवृत्त्यांत व्हॅलिडेटर डिझायनरमध्ये, कंपाइल होताना आणि सहसा वर्कफ्लोचा इन्स्टन्स (चालवायची प्रत) तयार होतानाही चालतो. या तिन्ही वेळी वर्कफ्लो प्रत्यक्ष सुरू झालेला नसल्यामुळे बाइंडिंगच्या दुसऱ्या टोकाला वाचण्याजोगे मूल्य असेलच असे नाही. म्हणून केवळ मूल्य नल (रिकामे) आहे एवढ्यावरून चूक नोंदवू नये. आधी 'इजबाइंडिंगसेट' या मेथडला ती डिपेंडन्सी प्रॉपर्टी (बाइंड करता येणारी प्रॉपर्टी) देऊन बाइंडिंग आहे का हे पाहावे, आणि मूल्य व बाइंडिंग दोन्ही नसतील तेव्हाच 'व्हॅलिडेशनएरर' परत करावा.

एक बाब हमखास निसटते: स्वतः अ‍ॅक्टिव्हिटीचा प्रकल्प कंपाइल होतानाही हाच व्हॅलिडेटर चालतो आणि तेव्हा तिला पेरेंट (तिला सामावणारी बाहेरची अ‍ॅक्टिव्हिटी) नसतो, त्यामुळे पेरेंट नल असल्यास ही तपासणी वगळावी, नाहीतर लायब्ररीच तयार होणार नाही.

मूल्य ठरावीक मर्यादेत आहे का, ही तपासणी मात्र बाइंडिंगच्या बाबतीत 'एक्झिक्यूट'मध्येच, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी प्रत्यक्ष चालते त्या मेथडमध्येच, करावी लागते. चौथ्या आवृत्तीत आर्ग्युमेंटला (अ‍ॅक्टिव्हिटीला मूल्य देण्याच्या तिथल्या सोयीला) 'रिक्वायर्डआर्ग्युमेंट' हे अ‍ॅट्रिब्यूट लावले की निम्मे काम, म्हणजे ते रिकामे सोडले आहे का हे पाहणे, आपोआप होते.