एनआयसीयूच्या दारापाशी: घरच्यांचे अनुभव

गरोदरपणाचे 37 आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. 28 आठवड्यांच्याही आधी आलं तर डॉक्टर त्याला ‘एक्स्ट्रीमली प्रीटर्म’ म्हणतात. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या अशा बाळांच्या घरच्यांनी आपापलं लिहावं म्हणून हे आवतण. औषधांचे डोस नकोत, ‘आमच्याकडे असं केलं, तुम्हीही सांगा डॉक्टरांना’ हेही नको. आणि जमल्यास ‘चमत्कार’, ‘फायटर’ हे शब्द टाळू या. जी बाळं घरी आली नाहीत, त्यांनी काय कमी झुंज दिली?

आई, 25 आठवडे, मुलगी 720 ग्रॅम

कळा थांबवायची धडपड चालू असतानाच मला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, दुसरं 24 तासांनी. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. त्यानंतर जेमतेम एक रात्र निघाली. रडण्याचा आवाज आलाच नाही, नळी घातली आणि तिला नेलं. फुफ्फुसांतले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून लागणारं सरफॅक्टंट तिच्याकडे पुरेसं नव्हतं, ते नळीवाटे सोडलं.

मला व्हीलचेअरवरून नेलं तेव्हा तिच्या पेटीच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, काचेवर आतून दव धरलं होतं. इतक्या कोवळ्या कातडीतून अंगातलं पाणी उडून जातं, म्हणून आतली हवा मुद्दाम दमट ठेवतात. कातडीखालची शीर न् शीर दिसत होती. पापण्या अजून चिकटलेल्या. हात आत घालण्याआधी सिस्टर म्हणाल्या, “कुरवाळायचं नाही ताई, तिला सोसत नाही. एक हात डोक्याला, एक पायांना. नुसता ठेवा, हलवू नका.”

माझं काम एकच, दूध काढणं. रात्रीसुद्धा दर तीन तासांनी पंप. सुरुवातीला नुसते पिवळट थेंब, ते सिस्टर तिच्या गालाच्या आतून लावत. मग नळीवाटे 1 मिली. दट्ट्या काढलेली सिरिंज वर धरायची आणि दूध आपलं आपण उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. पोट फुगलंय का ते सारखं बघायचं, कारण एवढ्याशा आतड्याला सूज आली की दूध बंद. एनईसी म्हणतात त्याला. आईच्या दुधाने तो धोका कमी होतो हे कळल्यावर पंपाचा राग कमी झाला. जरासा.

बाबा, 27 आठवडे, जुळी

एकाच दिवशी आली, पण रिपोर्ट कधी सारखे आले नाहीत. मुलगा व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, आला त्याच दिवशी मुलगी परत व्हेंटिलेटरवर गेली. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी तिची उघडीच राहिली होती. त्याच्या पेटीपाशी हसायचं आणि चार पावलांवर तिच्यापाशी पोचेपर्यंत ते गिळायचं. शेवटी बायकोने ठरवून टाकलं, “तू आधी तिच्याकडे जात जा, मी त्याच्याकडे.”

मला मॉनिटरचं व्यसन लागलं. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 92, 91, 88, वाजलाच. ही बाळं श्वास घ्यायचा थांबतात, 20 सेकंद, कधी जास्त, मग ठोके मंदावतात. सिस्टर तळव्याला हलकी टिचकी मारतात की पुन्हा सुरू. यावर औषध काय, तर कॅफीन! डॉक्टर थट्टा करतायत असं वाटलं मला. ऑक्सिजन भरपूर का देत नाही म्हणून भांडायच्या बेतात होतो, तेव्हा कळलं की जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. म्हणून तो आकडा खालूनही बांधलेला असतो आणि वरूनही.

आई, 23 आठवडे

आमचा मुलगा घरी आला नाही. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूतला रक्तस्राव दिसला, दोन्ही बाजूंना, मोठा. डॉक्टरांनी उभ्याउभ्या उरकलं नाही, बसवून, आमचे प्रश्न संपेपर्यंत थांबून सांगितलं, एवढं मी मानते. नळ्या काढून त्याला आमच्याकडे दिलं. तोवर चिकटपट्ट्यांशिवाय त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. नाक बापाचं होतं. लोक म्हणाले, “फार लळा लागायच्या आत गेला ते बरं.” असं कुणीही कुणाला म्हणू नका.

आजी

मला आत सोडत नव्हते, इन्फेक्शनच्या भीतीने. बरोबरच होतं ते. मी बाळाच्या आईबाबांचे फोन माझ्याकडे घेतले. “आज कसं आहे?”ला उत्तर द्यायचं काम माझं. संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज, आणि वजन मुद्दाम लिहायचं नाही. पहिल्या दिवसांत ते घटतंच, पण हे दर नातेवाईकाला कोण सांगत बसणार?

एनआयसीयूतली सिस्टर

“आम्ही काय करू?” असं विचारणाऱ्यांना मी सांगते, छाती द्या. कांगारू केअर, म्हणजे बाळाला कातडीला कातडी लावून छातीशी धरणं, 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, तीही इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून सांगते आहे की कमी दिवसांच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर छातीशी द्या. व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं वेगळं, ते डॉक्टर ठरवतात. पण वायरी सांभाळत बाळ पेटीतून काढायला दोघी लागतात, आणि ड्यूटीवर माणसं कमी असली की पहिलं हेच टळतं. आईबाबांनी रोज विचारावं, “आज कांगारू कधी?” आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारावं.

आई, 26 आठवडे, मुलगा आता दोन वर्षांचा

डिस्चार्ज म्हणजे शेवट असं वाटलं होतं. डोळ्यांची तपासणी आत सुरू झाली ती घरी आल्यावरही चालू राहिली, मध्ये लेझर करावं लागलं. मग कानांची. आणि वयाचा घोळ! जन्माला आठ महिने झाले, पण तीन महिने आधी आलाय, म्हणजे धरायचा पाच महिन्यांचा. “अजून बसत नाही?” म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे गणित शिकवण्यापेक्षा मी सरळ पाच सांगायला लागले. त्यात लसी जन्मतारखेप्रमाणे, विकास मात्र सुधारित वयाने, साधारण दोन वर्षांपर्यंत. म्हणून फाइलच्या पुठ्ठ्यावर दोन्ही तारखा, जन्माची आणि दिवस भरायची, मार्करने लिहिल्यात, आणि नव्या डॉक्टरांकडे गेलं की आधी फाइल पुढे करते, मग त्याला.