स्टार्टर मेलाय की उपाशी आहे?

शनिवार

दादा: मावशी, तू दिलेला ब्रेडचा स्टार्टर, ते आंबवलेलं पीठ-पाणी, बहुतेक गेला गं. वर काळपट पाणी साठलंय आणि झाकण उघडलं की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. दोन दिवस जरासुद्धा फुगलेला नाही. टाकून देऊ का?

मावशी: अरे थांब, टाकू नकोस! आधी बुरशी आलीय का ते बघ. कापसासारखं काही, हिरवट, काळं, पांढरं? कुठे गुलाबी किंवा नारिंगी छटा? बरणीच्या काठाला वाळलेलं पीठ चिकटलेलं असतं ना, तिथे उजेडात धरून बघ.

दादा: बघितलं. तसलं काही नाही. फक्त पाणी.

मावशी: मग तो मेलेला नाही, उपाशी आहे. वरचं पाणी म्हणजे पाणीच, त्यात थोडं अल्कोहोल. खायचं संपलं की पीठ खाली बसतं आणि ते वर येतं. वासही भुकेचाच. बुरशी किंवा गुलाबी रेघ असती तर मीच म्हटलं असतं की अख्खी बरणी फेक. वरचं काढून खालचं वाचवायला तेव्हा जायचं नाही.

वहिनी: मावशी, पण आम्ही रोज खायला घालतोय हो. सकाळी ९ वाजता, न चुकता.

मावशी: किती घालतेस? आणि आतलं किती काढतेस?

वहिनी: दोन चमचे पीठ, दोन चमचे पाणी. काढत काहीच नाही. पीठ टाकायचं जिवावर येतं. आता अर्धी बरणी झालीय.

मावशी: तिथेच घोळ झालाय बघ. अर्धी बरणी म्हणजे ३०० ग्रॅम धर. त्यात तू घालतेस साधारण २० ग्रॅम पीठ. १५ माणसांत एका माणसाचं जेवण वाटल्यासारखं झालं ते. तासाभरात फस्त, मग उरलेला दिवस उपाशी. शिवाय जुनं काढलं नाही की आंबटपणा साठत जातो, त्यात यीस्ट मंदावतं आणि पिठाला चिवटपणा देणारं ग्लुटेनही तुटतं. मग पातळ, चिकट, नुसतं ओघळणारं होतं. तसंच झालंय ना?

वहिनी: अगदी तसंच. चमच्यावरून धार पडते.

मामा: चमच्याने मोजू नका, काट्यावर मोजा. एक वाटी पाणी २४० ग्रॅम भरलं तर त्याच वाटीत मैदा जेमतेम १२० भरतो. म्हणजे वाटीला वाटी घातलं की पाणी दुप्पट. मग बुडबुडे होतात पण वर येऊन फुटून जातात, फुगवटा धरायला पिठात जोरच नसतो. माझे सुरुवातीचे सगळे महिने ह्यातच गेले.

मावशी: बरोबर. आता असं करा. वरचं पाणी ओतून टाका, मधलं २० ग्रॅम स्वच्छ बरणीत घ्या. ४० ग्रॅम पाणी घालून ढवळा, मग ४० ग्रॅम पीठ. त्यातलं निम्मं अख्ख्या गव्हाचं घ्या, निम्मा मैदा. कोंड्यासोबत खनिजं आणि नवे जीवजंतू येतात, आजारी स्टार्टर त्यावर लवकर उठतो. बाहेरून पातळीवर रबरबँड लावा. झाकण नुसतं टेकवा, घट्ट नको, आत वायू तयार होतो.

आई: बाकीचं २८० ग्रॅम टाकूनच द्यायचं का गं?

मावशी: अक्का, ह्यावेळचं टाकूनच दे, फार आंबट झालंय. पुढे मात्र टाकायची वेळ येऊ नये अशी सोय आहे. मी बरणीत १५-२० ग्रॅमच ठेवते. ब्रेड करायचा त्याच्या आदल्या रात्री हवं तेवढं वाढवते. जे काढते ते फ्रिजमध्ये एका डबीत साठवते आणि आठवड्यात बिस्किटांत किंवा पॅनकेकमध्ये वापरून टाकते. फुगायला त्याचा उपयोग नाही, चवीला छान.

दादा: पण मावशी, सकाळी ९ ची वेळ तूच सांगितली होतीस.

मावशी: मी सांगितली होती तेव्हा थंडी होती रे. घड्याळ बघू नकोस, रबरबँड बघ. २० अंशांच्या खोलीत एक भाग स्टार्टरला दोन भाग पीठ, दोन भाग पाणी घातलं की वर यायला १०-१२ तास लागतात. तेच ३० अंशांत चार-पाच तासांत वर येऊन खाली बसायला लागतं. तुझी खोली आत्ता किती आहे?

दादा: २९.

मावशी: मग २४ तासांतून एकदा पुरणारच नाही. एक तर दोनदा घाल, नाहीतर बरा झाल्यावर प्रमाण वाढव. १० ग्रॅम स्टार्टर, ५० पीठ, ५० गार पाणी. खायला जास्त असलं की वेळ आपोआप लांबतो. मात्र आजारी असताना एकदम एवढं जास्त पीठ-पाणी घालायचं नाही. आणि तो वर यायच्या आत पुन्हा घालू नकोस, आहेत तेवढे जंतूही विखुरले जातात.

मी: मावशी, मी स्वतः पीठ-पाण्यापासून केला होता तो तिसऱ्या दिवशी दुप्पट झाला आणि पाचव्या दिवशी मेला. पाणी क्लोरीनचं होतं म्हणून का?

मावशी: पाण्याने थोडा फरक पडतो. रात्रभर उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. पण तुझा मेला नव्हता गं! पहिल्या दोन-तीन दिवसांत जे फसफसतं ते यीस्ट नसतंच, पिठातले दुसरे जिवाणू असतात. आंबटपणा वाढला की ते मरतात, मग तीन-चार दिवस बरणी एकदम शांत. ह्या शांततेतच आंबट सहन करणारे जिवाणू आणि यीस्ट जोर धरत असतात. तू नेमकी त्याच वेळी फेकलीस. खरंच वाईट वाटलं वाचून.

मामा: ह्या जिवाणूंची आणि यीस्टची जोडी फार सुंदर आहे. १९७१ मध्ये क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट ब्रेडमधला जिवाणू वेगळा काढला, त्या शहराचंच नाव त्याला मिळालं. पुढे तो जगभरच्या स्टार्टरमध्ये सापडला. त्याला माल्टोज साखर आवडते, आणि त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या यीस्टला नेमकी तीच खाता येत नाही. एकाच बरणीत राहून एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत!

मामा: आणि दादा, एक कळकळीने सांगतो. ऊब मिळावी म्हणून बरणी बंद ओव्हनमध्ये ठेवत असशील तर बटणावर चिठ्ठी चिकटव. माझा सहा वर्षांचा स्टार्टर आत असताना घरात कुणीतरी ओव्हन तापवायला लावला. उघडला तेव्हा वर खरपूस साल आणि आत शिजलेली खळ. यीस्ट ५५-६० अंशांपुढे जगत नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नव्हतो. ताईला आधी दिलेला होता म्हणून तोच परत मिळाला.

रविवार

दादा: १४ तास झाले. बारीक बुडबुडे आहेत, रबरबँडच्या वर जेमतेम बोटभर. वास मात्र बदललाय, आंबट पण स्वच्छ, नेलपॉलिश रिमूव्हरचा नाही.

मावशी: वास बदलला म्हणजे वळणावर आला! आता पुन्हा तसंच घाल.

वहिनी: मावशी, मी चमचाभर पाण्यात टाकून बघितलं, तरंगलं तर तयार म्हणतात ना. बुडलं.

मामा: त्यावर जाऊ नकोस. काढताना हवा निघून गेली की चांगला स्टार्टरही बुडतो. बरणीतली उंचीच खरी.

सोमवार

वहिनी: मावशी!! सकाळी ८ ला घातलं होतं, दुपारी १ वाजता दुप्पट. वरचा भाग घुमटासारखा, बाजूने काचेतून जाळी दिसतेय. बरणी हलवली की सगळं थरथरतं.

मावशी: शाब्बास! पण आज ब्रेडला घेऊ नका. लागोपाठ तीनदा असंच, सारख्याच वेळात दुप्पट होऊ दे. ताकद नसताना केला की ब्रेड बसका आणि आतून ओला निघतो.

दादा: पुढच्या महिन्यात १० दिवस आम्ही घरी नाही. काय करू?

मावशी: निघायच्या दिवशी घट्टसर कर. १० ग्रॅमला ५० पीठ, २५ पाणी. तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये, ४ अंशांत आरामात राहील. आल्यावर दोन-तीनदा बाहेर खायला घाल, मगच कणीक भिजव. आणि थोडा वाळवून ठेव रे.

वहिनी: ते करतेय. आत्ताच दोन चमचे बटर पेपरवर अगदी पातळ पसरलंय. उन्हात ठेवू का?

मावशी: उन्हात नको, सावलीत पंख्याखाली. कडकडीत झालं, हाताने तुटलं की चुरून कोरड्या डबीत भर. लागेल तेव्हा कोमट पाण्यात भिजवून खायला घालायचं.

मी: वहिनी, गुरुवारी येतेय मी. मला २० ग्रॅम ठेवशील?

वहिनी: ठेवते की! बरणी आण.

मावशी: मोठी आण गं, पाव बरणी भरेल एवढंच घे. आणि प्रवासात झाकण सैल ठेव.