मदत हवी आहे: भाचीच्या सोळाव्या वाढदिवसाचे फोटो, फ्लॅश वापरू की नको?

नमस्कार मंडळी,

भाची सोळा वर्षांची होतेय आणि या वेळी साग्रसंगीत पार्टी ठरली आहे. संध्याकाळी हॉल, मुली लांब गाऊनमध्ये, मुलं सुटात. बाईसाहेब जिन्यावरून उतरणार, मग बाबांबरोबर एक नाच, दोन-तीन छोटी भाषणं, केक, आणि शेवटी डीजे. फोटोग्राफरचा विषय निघाला तसं तिनेच जाहीर करून टाकलं, "अनोळखी माणूस नको, मावशी काढेल." ताईने लगेच री ओढली. मला कुणी विचारलं नाही, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पंचाईत अशी की मी फोटो काढते ते पक्ष्यांचे. उजेड भरपूर, आणि कुठलाही पक्षी स्क्रीनमध्ये डोकावून "ई, डिलीट कर" म्हणत नाही.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे जरा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे, सोबतची १८-५५ किट लेन्स आहे, एक ५० मिमी एफ १.८ आहे (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि डोकं फिरवता येणारा एक फ्लॅश आहे. पक्ष्यांची मोठी लेन्स इथे निरुपयोगी. हॉल बघून आले. बसायच्या भागाचं छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं आहे, दिवे पिवळट. नाचायच्या भागात छत काळं, वर एलईडी पट्ट्या आणि डीजेचे रंगीत झोत. बसायच्या जागी एफ १.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ला फोटो ठीक आले. नाचायच्या जागी मात्र अंधार, शिवाय फोटोभर आडव्या काळपट पट्ट्या. आवाज नको म्हणून मी इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं होतं.

भाचीच्या अटी: तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, "स्माइल" म्हणायचं नाही, आणि तिला दाखवल्याशिवाय एकही फोटो फॅमिली ग्रुपवर जाता कामा नये. दातांना तारा आहेत, त्यामुळे कॅमेरा वर केला की ओठ घट्ट मिटतात आणि खांदे कानापाशी जातात. ताईची अट एकच: सगळ्या नातेवाइकांबरोबर तिचे व्यवस्थित फोटो हवेत. "सगळ्या"ची यादी दोन पानी आहे.

तर फ्लॅश वापरू की आयएसओ वाढवू? पट्ट्यांचं काय करू? आणि या मुलीला मोकळं कसं करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा (शक्यतो छतावरून).

प्रतिसाद १

शेवटच्या कंसातच अर्धं उत्तर आहे, मावशी!

पांढरं छत मिळालंय ना, मग फ्लॅश वापराच. डोकं सरळ वर न ठेवता थोडं मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा. सरळ वर ठेवलंत तर डोळ्यांखाली सावल्या पडतात, आणि त्या वयात मुरुमं असतील तर तीही उठून दिसतात. बाजूने परतून आलेला उजेड मऊ असतो, भाचीच्या डोळ्यांवरही येत नाही. भिंत रंगीत असेल तर तिच्याकडे वळवू नका, चेहऱ्यावर तोच रंग उतरतो.

सुरुवातीला मॅन्युअल मोड, एफ २.८, १/१००, आयएसओ १६००, फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच ठरवतो). यात हॉलच्या दिव्यांचा उजेडही फोटोत राहतो. आयएसओ १०० आणि १/२०० ठेवलंत तर माणसं उजळ आणि मागे काळाकुट्ट अंधार, म्हणजे पार्टी गुहेत झाल्यासारखी. दिवे पिवळे आहेत म्हणालात, तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तितका पिवळा), तसल्या दिव्यांचा ३००० च्या आसपास. जेल नसेल तर चेहरे निळसर आणि पार्श्वभूमी केशरी, आणि नंतर दुरुस्त करताना एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

पट्ट्या: इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात दिवा कमी-जास्त होतो आणि पट्टी उमटते. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून मेकॅनिकल शटर (खरा पडदा हलतो ते) आणि १/५० किंवा १/१००. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. एलईडी डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) असतील तर त्यांची लय वेगळी असते, त्यांना हा हिशेब लागू होईलच असं नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळायची सोय) असेल तर चालू करा आणि त्याच दिव्यांखाली आधी चाचणी घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी बहुतांशी सहमत, पण केकच्या वेळी फ्लॅश साफ बंद. मेणबत्त्यांचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो तोच तर फोटो. एफ २, १/८०, आयएसओ ३२०० ते ६४००, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. दाणे आले तर येऊ देत, नंतर कमी करता येतात. हललेला चेहरा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. केशरी झाक पूर्ण काढू नका, थोडी ठेवा. हॉलवाल्यांना सांगून मागचा एखादा दिवा चालू ठेवा, नाहीतर काळे सूट अंधारात विरघळतात आणि नुसती मुंडकी तरंगताना दिसतात. केकच्या समोरची जागा आधीच अडवून ठेवा, कारण ऐन वेळी मोबाइल धरलेले वीस हात तुमच्यापुढे येणार.

किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर जाते, एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. म्हणून नाच आणि केक ५० नेच काढा. पण १.८ वर दोन मीटरवरून जेमतेम ११-१२ सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. बापलेक नाचताना एकाचा चेहरा मागे-पुढे झाला की तो गेलाच. एफ २.८ ठेवा, फोकस कंटिन्युअसवर आणि आय डिटेक्शन (डोळे शोधून फोकस करायची सोय) चालू. जिन्यावरून उतरतानाही तेच. तिला आधी एकदा उतरायला लावून बघा. गाऊन पायात येतो म्हणून मुली सगळा वेळ खाली बघत उतरतात. शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या की मान वर, एवढंच सांगा.

प्रतिसाद ३

तांत्रिक बाबतीत माझा पास. पण घरात एक सोळा आणि एक चौदा असल्याने शेवटच्या प्रश्नावर बोलते.

तुमच्या भाचीच्या अटी मला रास्त वाटतात. दोन पानी यादी पार्टीत घुसवली तर ती संध्याकाळ तिची राहणार नाही. पाहुणे यायच्या आधी अर्धा-पाऊण तास मागून घ्या. त्यात तिचे एकटीचे, आईबाबांबरोबरचे आणि आजी-आजोबांबरोबरचे फोटो उरका. बाकी नातेवाईक केकनंतर, एका ठरलेल्या जागी, झटपट. माणसं हाकायचं काम तुम्ही करू नका. यादी एखाद्या ठणठणीत आवाजाच्या काकांच्या हातात द्या.

कॅमेरा वर केला की ती आखडते, कारण तिला काही करायला नसतं. "उभी राहा" म्हणण्याऐवजी काम द्या: कानातलं घाल, गाऊनचा घेर सावर, खिडकीपर्यंत चालत जा आणि मला काहीतरी सांगायला वळ. तारांबद्दल अवाक्षर काढू नका. ओठ मिटून हसली तर तेही छानच दिसतं. जिवलग मैत्रीण बाजूला उभी करा, पाच मिनिटांत दोघी तुम्हाला विसरतील. आणि पहिल्या चार-पाच फोटोंतला एक चांगला तिला लगेच दाखवा. मुलींचा विश्वास तिथे बसतो.

मैत्रिणींचे फोटो परस्पर कुठे टाकू नका. त्यांचे आईवडीलही असतात आणि त्यांची स्वतःची मतंही असतात. जिला नको असेल ती आधीच सांगू शकेल, एवढं भाचीकडून सगळ्यांना कळवा. खाताना कुणाचाच फोटो नको, हे सांगायला नको.

प्रतिसाद ४

डीजेकडे लेझर आहे का ते विचारा. त्याचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. धुराचं मशीन चालू असताना फ्लॅश मारू नका, धूरच उजळतो आणि फोटो पांढरा होतो. धूर विरेपर्यंत थांबायचं. बॅटऱ्या जास्तीच्या, कार्डंही दोन.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेकॅनिकल शटर आणि १/१०० वर पट्ट्या बऱ्याच कमी झाल्या! नाचायच्या जागी अजून पुसटशा दिसतात, बहुधा डिमरच. आधी अर्धा तास मागून घेतलाय, ताई कुरकुरली पण तयार झाली. यादी जिजाजींच्या थोरल्या भावाच्या हाती गेली आहे, त्यांचा आवाज माइकविना हॉलभर जातो.

दोन शंका उरल्या. गाऊन टिकल्यांचा आहे आणि फिकट, जवळजवळ पांढरा. आणि काळ्या छताखाली फ्लॅश परतवायचा कुठून?

प्रतिसाद १

फिकट गाऊनने फ्रेम भरली की ऑटो एक्सपोजर त्याला करडा करून टाकतं. ऑटोवर असाल तर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, मॅन्युअलवर असाल तर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून एकदाच ठरवा. टिकल्यांवर थेट फ्लॅश पडला तर पांढरे ठिपके जळून येतात, परतवलेला चालतो. मित्रमैत्रिणींपैकी कुणाला चष्मा असेल तर काचेवरची चमक बघून फ्लॅशची दिशा बदला, हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

काळ्या छतावरून काही परत येणार नाही. तिथे फ्लॅश समोरच ठेवावा लागेल, पण दीड-दोन स्टॉप कमी करून, आणि शटर १/१५ ते १/३० पर्यंत उतरवून. चेहरे फ्लॅशने थिजतात, रंगीत दिव्यांच्या रेघा मागे ओढल्या जातात. तोंडावर फ्लॅश नको ही भाचीची अट आहे, म्हणून असे फोटो थोडेच काढा आणि तिला आधी सांगून. बाबांबरोबरच्या नाचाला मात्र फ्लॅश अजिबात नको, तेवढा वेळ डीजेला स्थिर उबदार दिवा लावायला सांगा. आधी विचारलं की बहुतेक जण लावतात.

आणि ग्रुप फोटोला एफ १.८ विसरा. तीन रांगा असतील तर ५.६. किट लेन्स १८ ला नेऊ नका, कडेची माणसं रुंद दिसतात आणि कडेला नेमक्या मोठ्या काकू उभ्या असतात. मागे सरका, २८-३५ वर या, आणि एकाच रचनेचे पाच-सहा फोटो घ्या. एवढ्या गर्दीत कुणीतरी डोळे मिटतंच.